आडरानातलं घर (भाग ५) : आधी टाकं, मग घर

मागच्या भागात जागेचा उतार, वारा आणि ऊन पाहिलं. आज पाणी. नकाशावर पहिली रेघ ओढायची ती त्याचीच.

बोरिवलीजवळच्या कान्हेरीला गेला असाल, तर बहुधा मोठं चैत्यगृह आणि त्याच्या ओसरीतले उंच बुद्ध पाहून परतला असाल. पुन्हा गेलात की पायऱ्या चढून वरच्या लहान लेण्यांकडे जा. पुढे बारकंसं अंगण, मग ओसरी, आत खोली, भिंतीलगत दगडातच कोरलेला बाक. आणि अंगणाच्या कडेला खडकात खोदलेलं टाकं. कातळावरचं पावसाचं पाणी टाक्यात वळवणाऱ्या पन्हळी आजही दिसतात. शिलालेखांत टाक्याला ‘पोढी’ म्हटलंय. लेण्यासारखंच पोढीचंही दान दिलं जाई. शंभराहून जास्त लेण्यांच्या त्या डोंगरावर भिक्षू शतकानुशतकं राहिले. स्वयंपूर्ण छोट्या घराचा याहून चोख नमुना मी पाहिलेला नाही, कारण तिथे टाकं मागाहून जोडलेलं नाही. खोलीबरोबरच ते कोरलंय.

आपण नेमकं उलट करतो. घर उभं राहतं, रंग लागतो, आणि उरलेल्या कोपऱ्यात प्लॅस्टिकची टाकी येते.

हिशोब अगदी सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. सह्याद्रीच्या कुशीत ६० चौरस मीटर छपराचं घर धरू, पाऊस वर्षाला ३,००० मिलिमीटर. सांडणं-उडणं वीस टक्के वजा केलं तरी १,४४,००० लिटर हाती येतं. चार माणसांना, माणशी ५० लिटरप्रमाणे, दिवसाला २०० लिटर लागतं. पावसाळा सोडून उरलेले २४० दिवस म्हणजे ४८,००० लिटर. पाणी गरजेच्या तिप्पट आहे. अडचण आहे ती साठवणीची. दहा हजारांची टाकी सप्टेंबरअखेर काठोकाठ भरली, तरी पन्नास दिवसांत तळ दिसतो. मे महिना अजून सहा महिने लांब असतो.

म्हणजे टाकं हवं ५०,००० लिटरचं : पाच मीटर लांब, चार मीटर रुंद, अडीच मीटर खोल. घराच्या तळाचा तिसरा हिस्सा! एवढी वस्तू नंतर कुठे बसवणार? म्हणून ती पडवीखाली घ्यावी. टाक्याचा स्लॅब हीच पडवीची जमीन. मात्र नुसत्या जांभ्यावर भिस्त ठेवू नका, तो सच्छिद्र असतो. आतून काँक्रीटचं अस्तर हवंच. जागा उताराची असेल तर न्हाणीघर आणि परसबाग टाक्याच्या खालच्या अंगाला ठेवा, पाणी पंपाशिवाय पोचतं.

‘आमच्याकडे झरा आहे’ असं अनेक जण सांगतात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाबद्दल बजावलंय, की झरा असला तरी तेवढ्यावर निश्चिंत राहू नये, टाकी बांधावीच. घरालाही तेच लागू.

आता पन्हळीकडे. मोठ्या खंडानंतरच्या पहिल्या सरीत छपरावरची धूळ, पालापाचोळा, पक्ष्यांची विष्ठा उतरते. ते शंभर-सव्वाशे लिटर पाणी टाक्यात जाता कामा नये. उतरत्या पाइपाला आधी एक पिंप जोडा. पिंप भरत आलं की आतला पोकळ चेंडू तरंगून तोंड बंद करतो आणि पुढचं स्वच्छ पाणी टाक्याकडे वळतं. पिंपाच्या बुडाला बारीक भोक ठेवा, म्हणजे पुढच्या पावसाआधी ते आपोआप रिकामं होतं. टाक्यात उजेड शिरू देऊ नका, शेवाळ धरणार नाही. प्रत्येक तोंडाला बारीक जाळी लावा, डास शिरणार नाहीत. जास्तीच्या पाण्याची वाट पायापासून दूर काढा.

टाकं रिकामं करून घासायचं ते मेअखेरीस. जूनचं पाणी गेलं तरी हळहळू नका. हे टाकं भरायला साधारण १,०४० मिलिमीटर पाऊस लागतो, आणि महाबळेश्वरला एकट्या जुलैत त्याहून जास्त पडतो.

पुढच्या आठवड्यात वीज. तोवर आपल्या छपराची लांबी-रुंदी मोजून कागदावर लिहून ठेवा. तोच आकडा सौर पॅनेलसाठीही लागणार आहे.