गाईचा रोग माणसाला होतो, हे सिद्ध झालं आहे

‘मॅड काऊ’चा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "ते सगळं वर्तमानपत्रांनी उठवलेलं. माणसाला तो रोग होतो हे सिद्ध कुठे झालंय?" शिकल्यासवरल्या माणसांकडूनही हे इतकं ऐकलं, की आता राहवत नाही. सिद्ध झालंय, आणि त्याला पंचवीसहून जास्त वर्षं झाली.

हा रोग, म्हणजे बीएसई, ब्रिटनमध्ये १९८६ साली ओळखला गेला. मेलेल्या जनावरांच्या मांस-हाडांची भुकटी गाईंच्या खाद्यात मिसळली जात होती, तिच्यातून तो फैलावला. एकट्या ब्रिटनमध्ये १,८०,००० हून अधिक जनावरांना तो झाल्याचं नक्की झालं. पुढे डॉक्टरांसमोर विचित्र रुग्ण येऊ लागले. क्रॉइट्सफेल्ट-याकोब हा मेंदूचा आजार (सीजेडी) एरवी साठीच्या आसपास किंवा पुढे होतो आणि काही महिन्यांत माणूस जातो. हे रुग्ण मात्र ऐन तारुण्यातले. सुरुवात खिन्नतेने, मग तोल जाणं, आणि मृत्यू साधारण वर्षभराने. २० मार्च १९९६ रोजी आरोग्यमंत्री स्टीफन डॉरेल यांनी संसदेत अशा दहा जणांचा बीएसईशी संबंध असण्याची दाट शक्यता मान्य केली.

तेव्हा ती शक्यताच होती, हे कबूल. पण शंका घेणारे तिथेच थांबतात, याचा राग येतो. त्याच वर्षी लंडनच्या जॉन कॉलिंज यांच्या गटाने दाखवलं, की या रुग्णांच्या मेंदूतल्या बिघडलेल्या प्रथिनाची, म्हणजे प्रिऑनची, रासायनिक ठेवण नेहमीच्या सीजेडीशी जुळत नाही, बीएसईशी जुळते. १९९७ मध्ये एडिंबरोच्या मोइरा ब्रूस आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये उंदरांवरचे प्रयोग मांडले. उंदीर किती दिवसांनी आजारी पडतात आणि मेंदूच्या कोणत्या भागाची किती हानी होते, हे दोन्ही त्यांनी मोजलं. गाईचा मेंदू टोचलेले आणि या तरुण रुग्णांचा मेंदू टोचलेले उंदीर सारखेच आजारी पडले; नेहमीच्या सीजेडीचे निराळे. रोगकारकाची जात एकच. माकडांना बीएसई टोचल्यावर त्यांच्या मेंदूत उमटलेल्या खुणाही याच रुग्णांसारख्या होत्या. याला योगायोग कसं म्हणायचं? निरोगी माणसाला मुद्दाम रोग टोचून दाखवा, असा पुरावा कुणाला हवा असेल तर तो मिळणार नाही, आणि मिळूही नये.

"मग लाखो का मेले नाहीत?" ब्रिटनमध्ये १७८ जण गेले. गाईपासून माणसाकडे येताना हा रोग सहजी लागत नाही, आणि जवळजवळ सगळे रुग्ण एका विशिष्ट जनुकीय ठेवणीचे होते. आकडा लहान म्हणून कारण खोटं ठरत नाही.

बाकीचे समज थोडक्यात. ही पिसाळलेली गाय नव्हे. रेबीज विषाणूमुळे होतो आणि चावण्यातून पसरतो, बीएसई तसा नाही. मांस नीट शिजवलं की प्रिऑन मरतो, हेही चूक; तो सजीवच नाही आणि स्वयंपाकाच्या आचेला दाद देत नाही. दुधातून हा रोग माणसाला झाल्याचा पुरावा नाही. नेहमीचा सीजेडी शाकाहारी माणसालाही होतो, त्याचा गाईशी संबंध नाही.

आणि त्या काळात ब्रिटनमध्ये राहिलेल्या आपल्या लोकांना ऑस्ट्रेलियात, अमेरिकेत रक्तदान नाकारलं जाई, तो छळवाद नव्हता. ब्रिटनमध्ये दुसऱ्याचं रक्त घेतल्यामुळे तिघांना हा रोग झाला होता. या दोन देशांनी ती बंदी उठवली २०२२ मध्ये.