अवघड जागेची साधी गाठ

२९ सप्टेंबरला जागतिक हृदय दिन असतो. कोलेस्टेरॉल, स्टेंट, सकाळचं चालणं यांवर त्या आठवड्यात पुष्कळ वाचायला मिळतं. ‘हृदयातून गाठ काढली, रुग्णाला जीवदान’ ही बातमी मात्र अधूनमधून कधीतरी आतल्या पानावर येते. सोबत ट्रेमधल्या गाठीचा फोटो असतो आणि विषय तिथेच संपतो. खरं तर गाठ काढणं हा या आजारातला त्यातल्या त्यात सरळ भाग. रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत कुठकुठे फिरून पोचला, हे बातमीत कधीच नसतं.

हृदयातच उगम पावणाऱ्या गाठी दुर्मीळ. शवविच्छेदनाच्या जुन्या नोंदींनुसार दहा हजारांत फार तर तीन. त्यातल्या बहुतेक कर्करोगाच्या नसतात. प्रौढांमध्ये जी नेहमी भेटते ती मिक्सोमा: तिशी ते साठीतल्या माणसांत, पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त. चारपैकी तीन वेळा ती डाव्या कर्णिकेत (हृदयाच्या वरच्या कप्प्यात) असते, दोन कर्णिकांमधल्या पडद्याला देठाने लटकलेली. सूक्ष्मदर्शकाखाली ही गाठ निरुपद्रवी दिसते. धोका सगळा तिच्या जागेत आहे, आणि त्या जागेमुळेच ती तीन वेगवेगळ्या आजारांची सोंगं घेते.

पहिलं सोंग झडपेच्या आजाराचं. देठावर हलणारी गाठ दर ठोक्याला माइट्रल झडपेच्या तोंडाशी येते आणि रक्ताची वाट अडवते. दम लागतो, चक्कर येते, पायावर सूज येते. स्टेथोस्कोपमधून येणारा आवाजही आकुंचन पावलेल्या झडपेसारखाच. संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेले रुग्ण आपल्याकडे इतके आहेत की डॉक्टरांचं मन आधी तिकडेच जाणार. कूस बदलली किंवा उठून बसलं की त्रास कमीजास्त होतो, हा इथला खरा धागा. पण तो रुग्णाला विचारावा लागतो.

दुसरं सोंग तापाचं. मिक्सोमा इंटरल्युकिन-६ नावाचं रसायन तयार करते. त्यामुळे बारीक ताप, घटतं वजन, रक्तक्षय आणि चढलेला ईएसआर. महाराष्ट्रात ही लक्षणं दिसली की क्षयाची शंका सर्वांत आधी येते. ती यायलाच हवी. पण तपासण्यांत क्षय सापडत नसेल, तर छातीवर एकदा इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, प्रोब ठेवायला काय हरकत आहे?

तिसरं सोंग सर्वांत घातक. गाठीचा तुकडा किंवा तिच्यावर साठलेली गुठळी सुटते आणि रक्ताबरोबर मेंदूत, पायात, मूत्रपिंडात जाऊन अडकते. चाळिशीच्या आतल्या, ना बीपी ना साखर अशा माणसाला पक्षाघाताचा झटका येतो तो यामुळेही. रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी ही गाठ विरघळत नाही.

या आजाराचं निदान जिवंतपणी होऊ लागलं त्याची गोष्ट मला फार मोलाची वाटते. पूर्वी मिक्सोमा सापडायची ती बहुतेक शवविच्छेदनातच. १९५३ मध्ये स्वीडनच्या लुंड शहरात इंगे एडलर हे डॉक्टर आणि हेलमुट हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ झडपेचं आकुंचन शस्त्रक्रियेआधी मोजायची वाट शोधत होते. त्यांनी माल्म्योच्या गोदीतलं, धातूतल्या भेगा शोधायचं ध्वनिलहरींचं यंत्र उसनं आणून छातीवर लावलं. इकोचा जन्म तिथला. पुढच्याच वर्षी स्टॉकहोममध्ये क्लॅरेन्स क्राफूर्ड यांनी हार्ट-लंग मशीनच्या मदतीने मिक्सोमा पहिल्यांदा यशस्वीपणे काढली, आणि १९५९ मध्ये जर्मनीत स्वेन एफर्ट यांनी इकोवर डाव्या कर्णिकेतली गाठ ओळखली. झडपेसाठी आणलेल्या यंत्राने झडपेचं सोंग घेणारी गाठच उघडी पाडली. आज तालुक्याच्या गावातही टूडी इको होतो, म्हणून उशिरा झालेलं निदान मला मान्य होत नाही.

इकोवर शंका राहिली तर अन्ननलिकेतून इको करतात. गाठ आहे की नुसती साखळलेली गुठळी, हा प्रश्न एमआरआय बऱ्याचदा सोडवतो. डाव्या बाजूच्या गाठीची आधी बायोप्सी घेत नाहीत, कारण तुकडा सुटायची भीती असते.

मिक्सोमा दिसली की शस्त्रक्रिया, आणि ती लवकर. देठाच्या बुडाचा पडद्याचा भागही काढून तिथे ठिगळ लावतात. अनुभवी केंद्रात बहुतेक रुग्ण उत्तम बरे होतात. गाठ पुन्हा येण्याचं प्रमाण शेकड्यात एक ते तीन. घराण्यात कार्नी कॉम्प्लेक्स हा जनुकीय दोष असेल तर ते बरंच वाढतं. अशा रुग्णाचे आई-वडील, भावंडं, मुलं यांचाही इको व्हावा. शस्त्रक्रियेनंतर ठरावीक काळाने इको करत राहायचा, बरं वाटत असलं तरी.

सगळ्या गाठींना मात्र हात लावायचा नसतो. चरबीची लहान, त्रास न देणारी गाठ नुसती नजरेखाली ठेवली तरी चालते. झडपेवर वाढणारा फायब्रोइलास्टोमा पाण्यात धरला की समुद्रफुलासारखा फुलतो. तो डाव्या बाजूला, हलता आणि एक सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल तर काढायचा. उजव्या बाजूचा लहान असेल तर बहुधा थांबता येतं.

एक आग्रह मात्र धरावासा वाटतो. घरातल्या कुणाच्या हाताच्या किंवा पायाच्या धमनीतून गुठळी काढली असेल, तर डिस्चार्जआधी डॉक्टरांना विचारा: ती पॅथॉलॉजीला पाठवली का? आणि हृदयाचा इको झाला का? त्या गुठळीत मिक्सोमाच्या पेशी सापडल्या, तर पुढचा तुकडा मेंदूत जाण्याआधी शस्त्रक्रिया होऊ शकते.