बंदिवानाचें म्हणणें केव्हां ऐकावें?

न्यायाधीशानें शिक्षा फर्मावली म्हणजे खटला संपला, अशी सर्वसामान्य समजूत असते. कायद्याच्या दृष्टीनें मात्र तेथून दुसराच प्रश्न सुरू होतो: शिक्षेविरुद्ध बंदिवानानें दाद मागितली, तर न्यायालयानें नुसते कागद पाहून निकाल द्यावा, कीं त्याची बाजू तोंडीं ऐकून घ्यावी?

अपिलाचा नियम बराचसा स्पष्ट आहे. वकिलामार्फत केलेलें अपील, बाजू मांडण्याची वाजवी संधि दिल्यावांचून फेटाळतां येत नाहीं. तुरुंगाधिकाऱ्यामार्फत पाठविलेल्या अपिलासही हेंच तत्त्व लागू आहे. परंतु अपील अगदींच पोकळ असेल, किंवा बंदिवानास न्यायालयांत आणणें अवाजवी अडचणीचें ठरेल, तर अपवाद करतां येतो. फेरविचाराच्या अर्जाची गोष्ट निराळी. सर्वोच्च न्यायालयांत असे अर्ज न्यायमूर्ति सामान्यतः आपसांत कागद फिरवूनच निकालांत काढतात; तेथें वकिलाचें भाषण होत नाहीं.

फांशीच्या शिक्षेपुरता हा प्रघात २ सप्टेंबर २०१४ रोजीं बदलला. पांच न्यायमूर्तींच्या घटनापीठानें चार विरुद्ध एक अशा मतानें ठरविलें कीं, असा अर्ज तीन न्यायमूर्तींनीं खुल्या न्यायालयांत ऐकावा. त्यास फार तर अर्धा तास द्यावा. एकाच पुराव्यावरून दोन विचारी न्यायाधीशांचीं मतें भिन्न होऊं शकतात, आणि फांशीनंतर चूक सुधारतां येत नाहीं, हें त्यामागील कारण.

सुनावणी म्हणजे सुटका नव्हे. १९९३ च्या मुंबई बाँबस्फोट खटल्यांतील याकूब मेमन याचा अर्ज खुल्या न्यायालयांत ऐकला गेला, आणि एप्रिल २०१५ मध्यें फेटाळला गेला. पण नाशिकच्या एका खटल्यानें दुसरी बाजू दाखविली. जून २००३ मध्यें तेथें झालेल्या हत्याकांडाबद्दल भटक्या जमातीच्या सहा जणांना पकडण्यांत आलें. २००७ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें तिघांची फांशी जन्मठेपेवर आणली. २००९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें साऱ्यांनाच फांशी दिली. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजीं त्याच न्यायालयानें आपला निकाल मागें घेऊन अपिलें पुन्हां ऐकलीं. प्रत्यक्षदर्शी साक्षीदारानें पोलिसांच्या छायाचित्रांतून निराळेच चौघे ओळखले होते, आणि त्यांचा तपासच झाला नव्हता. ५ मार्च २०१९ रोजीं सहाही जण निर्दोष सुटले. सरकारनें प्रत्येकास ५ लाख रुपये द्यावेत, असा हुकूम झाला.

तोंवर जवळजवळ सोळा वर्षें उलटलीं होतीं. तीं परत देणें कोणत्याही न्यायालयाच्या हातीं नव्हतें. सहा प्राण वांचविणें मात्र होतें.