डाव्या हाताचा माऊस

टेबलावर तळहात पालथा टाकला की कोपरापासून मनगटापर्यंतची दोन हाडे एकमेकांवरून तिरकी जातात. साध्या माऊसवर हात दिवसभर असाच पिळलेला राहतो. उभा माऊस तो पीळ बराच सैल करतो. हस्तांदोलनाला पुढे केल्यासारखा पंजा कडेवर टेकतो. अंगठा एका अंगाला, बटणे दुसऱ्या अंगाला.

पण माऊस एका हाताला जितका नेमका बसवावा, तितका तो दुसऱ्या हाताला निरुपयोगी होतो. दहातला साधारण एक माणूस डावखुरा. त्याच्यासाठी उलट घडणीचे कवच हवे, म्हणजे प्लास्टिकचा वेगळा साचा आला, आणि साचा महाग. म्हणून बरेच उत्पादक दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा माऊस काढून मोकळे होतात. त्यातही अंगठ्याची बटणे बहुधा डाव्या कडेलाच, म्हणजे डावखुऱ्याच्या करंगळीपाशी! लॉजिटेकने मात्र २०२२मध्ये ‘लिफ्ट’ हा उभा माऊस डाव्या हातासाठीही आणला.

उजव्या हाताच्या माणसानेही डाव्या हाताने माऊस वापरून पाहायला हरकत नाही. मोठ्या कीबोर्डवर आकड्यांचा संच उजवीकडे असतो, त्यामुळे माऊस लांब सरकतो आणि खांदा अवघडतो. डावीकडे ही अडचण नाही. सेटिंगमध्ये बटणांची अदलाबदल तेवढी करून घ्यावी.