एका रांगेत सतरा

चित्रपट का चालतो, असं पुण्या-मुंबईच्या कुठल्याही निर्मात्याला विचारा; तो आधी 'कंटेंट' म्हणेल आणि पुढच्याच वाक्यात नशिबावर येईल. मला विचाराल तर मी तिकीटखिडकीपाशी उभं राहायला सांगेन, आणि तेही सोमवारी दुपारच्या खेळाला. शुक्रवारी येतात ते नटाचे चाहते, पोस्टरला भुललेले आणि माझ्यासारखे पहिल्या दिवसाचे रोगी. सोमवारी दुपारी जो येतो त्याला कोणीतरी पाठवलेलं असतं.

२०२३ च्या जुलैत सांगलीतल्या एका जुन्या थिएटरवर हे अगदी जवळून बघायला मिळालं. 'बाईपण भारी देवा' लागला होता. पन्नाशीतल्या एक बाई वहीचं पान फाडून घेऊन आल्या होत्या. पानावर नावं, नावांपुढे पैसे मिळाल्याच्या खुणा, दोन नावांपुढे 'उद्या देते'. त्यांनी सतरा तिकिटं मागितली आणि वर अट घातली, "एका रांगेत पाहिजेत हं. निम्म्या पुढं, निम्म्या मागं चालायचं नाही." खिडकीतला पोरगा म्हणाला, आज जमत नाही, बुधवारी देतो. बाईंनी उभ्या उभ्या फोन लावला, बुधवार ठरला. चित्रपट कसा आहे, हे त्यांनी कोणालाही विचारलं नाही. ते आधीच कळलेलं होतं.

माझं म्हणणं एवढंच, की आवडलेला चित्रपट आणि चाललेला चित्रपट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समीक्षक पहिलीचं बोलतात, हिशेब दुसरीचा लागतो. प्रेक्षकाला बाहेर पडताना 'हिला दाखवला पाहिजे', 'आईला आणलं पाहिजे' असं वाटलं की चित्रपट चालतो.

याला पुरावा म्हणून केदार शिंदे यांचंच २०२३ हे वर्ष घ्या. २८ एप्रिलला त्यांचा 'महाराष्ट्र शाहीर' आला. आजोबांवरचा, म्हणजे शाहीर साबळ्यांवरचा चित्रपट, अंकुश चौधरी मुख्य भूमिकेत, अजय-अतुलचं संगीत, आणि त्यातलं 'बहरला हा मधुमास' तर रील्सवर घराघरांत नाचलं गेलं. चित्रपटाला मात्र त्या मानाने माणसं आली नाहीत. दोनच महिन्यांनी, ३० जूनला, त्याच दिग्दर्शकाचा 'बाईपण' आला: सहा बहिणी, त्यांचे रुसवे, एक मंगळागौरीची स्पर्धा. बायका नऊवारी नेसून, गॉगल लावून आल्या, थिएटरच्या आवारात फुगड्या घातल्या. दिग्दर्शक तोच, वर्ष तेच. शाहीर बघायला लोक गेले असते, पण कोणाला बरोबर न्यायचं हे त्यांना सुचलं नाही. सहा बहिणी म्हटल्यावर प्रत्येकीला आपल्या पाच आठवल्या.

आता कर्तव्य म्हणून पैशांबद्दल. निर्माता पैसा घालतो, वितरक पडदे मिळवतो, थिएटरवाला गल्ल्यातला हिस्सा घेतो, पहिल्या तीन दिवसांत गल्ला भरला नाही तर खेळ कमी होतात, आणि खेळ कमी झाले की आलेला प्रेक्षक परत जातो. हे सगळं खरं आहे आणि त्यावर इतरांनी भरपूर लिहिलेलं आहे.

मला खरं बोलायचंय ते 'माहेरची साडी'बद्दल. १९९१ सालचा, विजय कोंडके यांचा चित्रपट. शहरी मंडळी आजही त्याचं नाव निघालं की गालात हसतात. त्यांनी एकदा शांतपणे बघावा आणि मग हसावं. जन्मताच आई गेली म्हणून बापाने पांढऱ्या पायाची ठरवलेली लक्ष्मी, तिचा सासुरवास, भावाची माया. अलका कुबल यांना या एका भूमिकेने महाराष्ट्राची लेक करून टाकलं, आणि उषा नाडकर्णींच्या सासूला प्रेक्षागृहात बसून बायका शिव्याशाप देत. गोष्ट इथली नव्हेच, राजस्थानी आहे: १९८८ च्या 'बाई चाली सासरिये'ची. पुढे १९९४ मध्ये तीच गोष्ट हिंदीत 'साजन का घर' म्हणून आली, जुही चावला आणि ऋषी कपूर यांच्यासह. तिच्यासाठी गावंच्या गावं उठून गेली नाहीत. इथे गेली, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर जोडून.

का गेली? माझी कऱ्हाडकडची आत्या अशाच एका ट्रॉलीतून गेली होती. तिला मी मोठेपणी विचारलं, घरून सोडलं कसं? ती म्हणाली, "सोडायला काय, सासूबाईच शेजारी बसल्या होत्या. माझ्यापेक्षा त्याच जास्त रडल्या. त्यांनाही माहेर होतंच की." यात सगळं आलं. सुनेला सासूबरोबर जाता येईल, सासूला सुनेसमोर रडता येईल, आणि गड्यांना 'सिनेमाचं काय खूळ' म्हणून अडवता येणार नाही, असा तो चित्रपट होता. नावातच साडी, तीही लेकीला शेवटच्या प्रवासाला माहेरून यावी लागते ती. गावातल्या बाईला पोस्टर बघूनच कळत होतं की हे आपल्यासाठी आहे.

जत्रेतल्या तंबूंनी हा चित्रपट पुढे कित्येक वर्षं जगवला. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत मी मुद्दाम तंबू बघायला जायचो. बाहेर ट्रकवर कर्णा, आत जमिनीवर बसकण, मधे दोरी, एका बाजूला बाप्ये, दुसरीकडे बायका-पोरं. एका तंबूच्या मालकाने मला त्याचं शास्त्र सांगितलं: "बाप्यांची बाजू भरली तर गर्दी. बायकांची बाजू भरली तर पिच्चर." बाप्या पंधरा मिनिटं बघून कुस्त्यांकडे उठून जातो, बाई पोरं मांडीवर निजवून शेवटपर्यंत बसते आणि दुसऱ्या रात्री जावेला आणते. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी या फिरत्या सिनेमावर केलेला 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' २०१६ मध्ये कानला गौरवला गेला. तंबू तोवर ओस पडत चालले होते.

विजय कोंडके हे दादा कोंडके यांचे पुतणे, हेही लक्षात घेण्यासारखं आहे. दादांचं गणित उलटं: तिथे मित्रांची टोळी लागे. १९७१ ला 'सोंगाड्या'च्या वेळी दादरच्या कोहिनूरने देव आनंदच्या 'तेरे मेरे सपने'ला पसंती दिली आणि शिवसैनिक मधे पडल्यावर दादांना थिएटर मिळालं, ही कथा सर्वांना पाठ आहे. पण थिएटर मिळवून देता येतं, पंचवीस आठवडे माणसं आणता येत नाहीत. ती द्व्यर्थी विनोदावर एकमेकांना कोपर मारायला जोडीने येत. एकट्याने दादा बघण्यात काय मजा?

'सैराट'चंही तेच. २९ एप्रिल २०१६ ला लागला आणि लवकरच त्याची चोरटी प्रत मोबाइलवर फिरू लागली. गोष्ट, शेवट, सगळं फुकटात कळत होतं. तरी गावोगाव मध्यरात्रीचे खेळ लावावे लागले, कारण 'झिंगाट'ला पडद्यापुढे नाचायचं तर मोबाइलचा उपयोग नाही. आणि नाचून दमलेली तीच पोरं शेवटच्या मुक्या प्रसंगात एकमेकांकडे बघायचं टाळतात, हा नागराज मंजुळेंचा डाव. कितीतरी जण दुसऱ्यांदा आले ते शेजारच्याचं तोंड बघायला, असा माझा वहीम आहे.

पडलेल्यांचं काय? 'मेरा नाम जोकर' मला प्रिय आहे. पण १९७० साली चार तासांहून लांब, दोन मध्यंतरांचा, एका माणसाच्या तीन हुकलेल्या प्रेमांचा चित्रपट दाखवायला न्यायचं कोणाला? राज कपूर यांनी १९७३ ला 'बॉबी' काढला आणि कॉलेजच्या पोरापोरींनी प्रश्न सोडवला. चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' ऑस्करला गेला, जगभर नावाजला गेला. तो मी एकट्याने पाहिला आणि तसाच बघावा. त्याच्याकडून गल्ला मागणं अन्यायाचं आहे.

२०१५ साली सरकारने मल्टिप्लेक्सना मराठीसाठी संध्याकाळचा प्राइम टाइम द्यायला सांगितलं. ओरड झाल्यावर ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी ताणली. मराठीवाल्यांना तो पराभव वाटला. मला बाराचा खेळच महत्त्वाचा वाटतो. सतरा जणींना डबा-पाणी उरकून, शेवटची एसटी चुकू न देता तोच जमतो. निर्मात्यांनी त्यासाठी भांडावं, आणि तालुक्याच्या थिएटरांतल्या बायकांच्या स्वच्छतागृहांसाठीही. सांगलीच्या त्या थिएटरच्या मॅनेजरला मी हे सुचवलं तर म्हणाला, "साहेब, 'बाईपण'च्या वेळी मध्यंतर वीस मिनिटं करावं लागलं. रांगच संपेना." नवीन बांधा म्हटलं, तर म्हणाला, पुढचा असा पिच्चर कधी येतोय ते आधी सांगा.