टेम्पोतले दिवे कोणत्या बॅटरीवर?

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी आपल्या जुन्या शहरात राजराजेश्वराला येतात. त्या रात्री आम्ही टेम्पोत फराळाचं दुकान लावलं आणि दिवे टेम्पोच्याच बॅटरीवर जोडले. दिवे छान लागले. आवरून किल्ली फिरवली, तर गाडी सुरूच होईना! आम्ही सगळ्या टेम्पो ढकलत होतो.

बॅटरी खराब नव्हती, तिला काम चुकीचं दिलं होतं. गाडीची बॅटरी इंजिन सुरू करायला काही सेकंद जोरात करंट देते, मग इंजिन तिला पुन्हा भरतं. तासन् तास दिवे चालवायला घरच्या इन्व्हर्टरला असते तशी ट्युब्युलर बॅटरी वेगळी ठेवावी लागते.

हिशेब सोपा आहे. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १२०० वॉट-तास. त्यातली निम्मीच वापरायची, नाहीतर ती लवकर मरते. उरले ६००. १० वॉटचे ४ एलईडी दिवे त्यावर १५ तास चालतात. पण इन्व्हर्टरवर ५०० वॉटचा मिक्सर लावला, तर तासाभरात खेळ खलास. शिवाय तो बॅटरीतून ४० अँपिअरहून जास्त करंट ओढतो. बारीक वायर तापून जळते. म्हणून वायर जाड हवी आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ.

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा शेगडी लांब ठेवा. आणि पाणी डिस्टिल्डच घाला. आपल्या खारपाणपट्ट्यातल्या बोअरचं तर मुळीच नको.