चाळीस बाय वीसचा देश

नागपूर आणि वर्धा या दोन जिल्ह्यांची २०११च्या जनगणनेतली लोकसंख्या एकत्र केली, की ती साडेएकोणसाठ लाखांच्या आसपास भरते. डेन्मार्क हा अख्खा देश जवळपास एवढाच आहे. या देशाच्या पुरुष संघाने २०१९, २०२१, २०२३ आणि २०२५ असं सलग चार वेळा हँडबॉलचं जागतिक अजिंक्यपद पटकावलं. त्याआधी कोणत्याच देशाला सलग चार जमली नव्हती. मधल्या काळात टोकियो ऑलिंपिकचं रौप्य आणि पॅरिसचं सुवर्णही त्यांनीच नेलं.

कारंजा (घाडगे)सारख्या तालुक्याच्या गावात हँडबॉल म्हटलं की शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीतली एक ओळ आठवते. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल झाल्यावर येणारी. प्रमाणपत्राचे वाढीव गुण मिळतात म्हणून काही मुलं खेळतात, दहावी-बारावी झाली की सोडून देतात. त्यामुळे मिकेल हान्सन किंवा मथियास गिडसेल ही नावं आपल्या कानावरून गेलेली नसतात. पण ही माणसं कुठल्या मातीतून आली, हे पाहिलं तर ती गोष्ट कोपनहेगनपेक्षा आपल्यासारख्या गावांची जास्त वाटते.

आधी खेळ समजून घेऊ. सात-सात जणांचे दोन संघ, मैदान ४० मीटर लांब आणि २० मीटर रुंद. गोल तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच. गोलासमोर सहा मीटरवर एक वळणदार रेष असते, तिच्या आत पाय टेकवायची मुभा फक्त गोलरक्षकाला. चेंडू हातात घेऊन तीनच पावलं टाकता येतात आणि तीनच सेकंद तो धरून ठेवता येतो. पुढे टप्पा द्या, पास करा, नाहीतर मारा. गंमत अशी, की रेषेबाहेरून उडी घेऊन हवेत असताना मारलेला चेंडू चालतो. म्हणून हँडबॉलचे फोटो नेहमी तरंगणाऱ्या माणसांचे असतात. बचाव करणारे सहा जण रेषेवर भिंत करून उभे राहतात आणि त्या भिंतीत घुसलेला समोरच्या संघाचा पिव्हट दोघातिघांना अंगावर झेलत चेंडूची वाट पाहतो. कबड्डी पाहत मोठ्या झालेल्या माणसाला ही झटापट समजावून सांगायची गरज नाही. धसमुसळेपणा केला तर दोन मिनिटं बाहेर बसायचं, तेवढा वेळ संघ एकाने कमी. तीस-तीस मिनिटांच्या दोन सत्रांत दोन्ही बाजूंचे मिळून पन्नास-साठ गोल सहज होतात. ताशी शंभर किलोमीटरहून वेगाने येणारा चेंडू गोलरक्षक हातमोज्यांशिवाय अडवतो. हा भाग मला अजूनही वेडेपणाचा वाटतो.

हा खेळ ज्यांच्या नावावर सांगितला जातो, ते होल्गर निल्सन हे डेन्मार्कच्या ऑर्ड्रुप इथल्या शाळेतले व्यायामशिक्षक. मुलांच्या फुटबॉलने शाळेच्या काचा फुटायच्या, म्हणून १८९८च्या सुमारास त्यांनी चेंडू पायातून हातात दिला, अशी आख्यायिका आहे. नियम १९०६मध्ये छापून निघाले. निल्सन स्वतःही साधेसुधे नव्हते. १८९६च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये त्यांनी पिस्तूल नेमबाजीत एक रौप्य आणि एक कांस्य, तलवारबाजीत आणखी एक कांस्य मिळवलं होतं. आपल्याकडे प्रथमोपचाराचं जुनं प्रशिक्षण घेतलेल्यांना हे नाव ओळखीचं वाटेल. बुडालेल्या माणसाला पालथं झोपवून, पाठीवर दाब देऊन आणि हात उचलून श्वास सुरू करायची ‘होल्गर निल्सन पद्धत’ याच गृहस्थांची, १९३२ सालची. तोंडाने श्वास देण्याची पद्धत रूढ होईपर्यंत ती जगभर शिकवली जात होती.

शेजारच्या जर्मनीत मात्र याच जातीचा एक वेगळा खेळ फोफावला. फुटबॉलएवढ्या उघड्या मैदानावर, अकरा-अकरा जणांचा. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये तो होता आणि जर्मनीने ऑस्ट्रियाला १०-६ असं हरवून सुवर्ण जिंकलं. त्याच बर्लिनला कारंज्यावरून जाणाऱ्या महामार्गावरच्या अमरावतीतूनही एक पथक गेलं होतं. वैद्य बंधूंनी १९१४मध्ये सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या तरुणांनी तिथे हुतूतूची आणि देशी व्यायामांची प्रात्यक्षिकं दाखवली. पुढे अकरा जणांचा हँडबॉल ऑलिंपिकमध्ये पदकांसाठी पुन्हा कधी खेळला गेला नाही आणि कबड्डी अजून तिथे पोचलेली नाही. हँडबॉल टिकला तो डेन्मार्क-स्वीडनने त्याला छपराखाली नेलं म्हणून. लांब हिवाळा, दुपारी चारलाच अंधार. मुलांनी खेळायचं कुठे? तर हॉलमध्ये, सात-सात जणांनी. हाच सात जणांचा खेळ १९७२मध्ये पुरुषांसाठी आणि १९७६मध्ये महिलांसाठी ऑलिंपिकमध्ये आला.

डेन्मार्कला हँडबॉलचं वेड लावलं ते बायकांनी, पुरुषांनी नव्हे. उलरिक विल्बेक यांच्या हाताखालच्या संघाने १९९४ आणि १९९६चं युरोपीय अजिंक्यपद, १९९६चं अटलांटा ऑलिंपिक आणि १९९७चं जागतिक अजिंक्यपद जिंकलं. त्या संघाचा जीव होती आन्या अँडरसन. ओडेन्से शहरातली ही मुलगी पाठीमागून पास द्यायची, गोलरक्षकाच्या डोक्यावरून अलगद चेंडू टाकायची, पंचांशी भांडायची, प्रशिक्षकांशीही भांडायची. १९९७ची जगातली सर्वोत्तम खेळाडू म्हणून तिची निवड झाली आणि दोनच वर्षांत, तिशीच्या उंबरठ्यावर, हृदयाच्या विकाराने तिला खेळ सोडावा लागला. मग ती प्रशिक्षक झाली. तिच्या स्लागेल्से या क्लबने २००४, २००५ आणि २००७ अशी तीनदा चॅम्पियन्स लीग जिंकली. स्वभाव तोच राहिला. एका सामन्यात पंचांवर चिडून तिने आपला संघच मैदानाबाहेर काढला आणि बंदी ओढवून घेतली. मला विचाराल तर डॅनिश हँडबॉलमधली सर्वांत मोठी व्यक्ती तीच. पदकांच्या यादीत तिच्या पुढे कितीतरी जण असले तरी.

तिने खेळ सोडल्यावरही राष्ट्रीय संघ थांबला नाही. यान पिटलिक यांच्या मार्गदर्शनाखाली २००० आणि २००४चं ऑलिंपिक सुवर्ण आलं. म्हणजे सलग तीन. सिडनीत हंगेरीविरुद्ध मागे पडूनही त्यांनी ३१-२७ असा सामना फिरवला. अथेन्सची लढत दक्षिण कोरियाशी होती. दोनदा जादा वेळ देऊनही ३४-३४ अशी बरोबरी सुटेना, शेवटी पेनल्टीवर ३८-३६. हरलेल्या कोरियन मुलींवर त्यांच्या देशात पुढे चित्रपट निघाला आणि तो खूप चालला. त्यानंतर डॅनिश महिलांची घसरण झाली. बीजिंग, रिओ आणि टोकियोला तर त्या पात्रही ठरल्या नाहीत. पॅरिसमध्ये कांस्य मिळालं ते वीस वर्षांनी.

पुरुषांची कथा उलटी, आधी हरत राहण्याची. विल्बेकच आता पुरुषांचे प्रशिक्षक होते. २००८ आणि २०१२चं युरोपीय विजेतेपद मिळालं, पण जागतिक अंतिम सामना काही हाती लागेना. २०११मध्ये फ्रान्सने जादा वेळेत हरवलं. २०१३मध्ये स्पेनने ३५-१९ असा धुव्वा उडवला. २०१४ची युरोपीय अंतिम लढत तर घरी, हेर्निंगमध्ये होती. फ्रान्सने तिथेही ४१ गोल केले. या तिन्ही पराभवांत डोक्याला पट्टी बांधलेला, लांब केसांचा मिकेल हान्सन होता.

हान्सन १९८७चा, हेल्सिंगोरचा. वडील फ्लेमिंग हान्सन १९८४च्या ऑलिंपिकमध्ये हँडबॉलच खेळले होते. २०११, २०१५ आणि २०१८ असं तीनदा त्याला जगातला सर्वोत्तम खेळाडू ठरवण्यात आलं. रिओत २०१६ला फ्रान्सला २८-२६ हरवून पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळालं. २०१९ची जागतिक स्पर्धा डेन्मार्क आणि जर्मनीत झाली तेव्हा त्याने ७२ गोल केले आणि हेर्निंगच्या त्याच गावात डेन्मार्कने नॉर्वेला ३१-२२ हरवलं. हान्सनच्या कारकिर्दीतला एक भाग आपल्या खेळाडूंनी लक्षात ठेवावा असा आहे. २०२२मध्ये फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली आणि पुढच्या वर्षी मानसिक ताणामुळे तो सुट्टीवर गेला. तसं त्याने उघड सांगितलं आणि देशानेही ते समजून घेतलं. पॅरिसच्या अंतिम सामन्यात जर्मनीला ३९-२६ हरवून तो निवृत्त झाला. त्याच्याबरोबर वर्षानुवर्षं खेळलेला गोलरक्षक निक्लास लांदीन, २०१९ आणि २०२१चा सर्वोत्तम खेळाडू, त्यानेही त्याच दिवशी देशाची जर्सी उतरवली.

त्यांची जागा घेणारा गिडसेल १९९९चा, पश्चिम डेन्मार्कच्या स्केर्नचा. उजव्या बाजूने खेळणारा डावखुरा, अंगाने सडपातळ. भिंत फोडण्यापेक्षा फटीतून निसटून जाण्यात त्याचा हात धरणारा नाही. पॅरिसमध्ये त्याने ६२ गोल केले, एका ऑलिंपिकमधला विक्रम. २०२५च्या ओस्लोतल्या अंतिम सामन्यात क्रोएशियाला ३२-२६ हरवणाऱ्या संघाचा तोच कणा होता.

आता या लेखाचा मुद्दा. हान्सन, लांदीन आणि गिडसेल हे तिघंही कधी ना कधी जीओजी या एकाच क्लबकडून खेळले. यान पिटलिक यांचा मुलगा सायमन, पॅरिसच्या सुवर्ण संघातला, तोही तिथलाच. जीओजी म्हणजे गुडमे, ऊरे आणि गुडब्येर्ग, फ्यून बेटावरची तीन खेडी. त्यांच्या क्लबांनी एकत्र येऊन हा संघ केला. गुडमेची लोकसंख्या हजाराच्या आत. कारंजा त्यापुढे शहरच म्हणायचं. आणि त्या गुडमेतल्या हॉलमध्ये दोन हजारांवर प्रेक्षक बसतात. गाव सगळं येऊन बसलं तरी अर्ध्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या राहतील. आजूबाजूच्या पंचक्रोशीतून माणसं येतात म्हणून त्या भरतात.

हे फक्त हौसेने झालं नाही. डेन्मार्कमध्ये खेळाचा क्लब म्हणजे सभासदांची संस्था. प्रशिक्षण देणारे बहुतेक कुणाचे तरी आई-वडील, बिनपगारी. पण त्यांच्या मागे कायदा उभा आहे. नगरपालिकेने क्लबांना जागा उपलब्ध करून द्यायची आणि २५ वर्षांखालच्या सभासदांच्या उपक्रमांना अनुदान द्यायचं, अशी तिथल्या लोकशिक्षण कायद्यात तरतूद आहे. १९६०-७०च्या दशकांत खेडोपाडी जे हॉल बांधले गेले, त्यांचं माप ठरलं हँडबॉलवरून, ४० बाय २०. बॅडमिंटन, जिम्नॅस्टिक्स, गावची मेजवानी, सगळं त्याच मापात बसवलं गेलं. हँडबॉलला घर शोधावं लागलं नाही, घरच त्याच्या मापाने बांधलं होतं.

याच्या उलट उदाहरणही तिथलंच. २०१०मध्ये दागिन्यांच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या एका उद्योजकाने एजी कोबेनहाव्हन नावाचा संघ काढला, हान्सनसह तारे विकत घेतले. २०११चा लीगचा अंतिम सामना फुटबॉलच्या पार्केन स्टेडियममध्ये भरवला तेव्हा ३६,६५१ प्रेक्षक होते. दोन वेळा देशाचं विजेतेपदही आलं. जुलै २०१२ संपताना संघ दिवाळखोरीत गेला. जीओजीची व्यावसायिक कंपनीही २०१०मध्ये बुडाली होती, पण खाली मुलांचे संघ आणि हॉल शाबूत होते. क्लब खालच्या लीगमधून पुन्हा वर आला आणि २०२२ व २०२३ला डॅनिश विजेता ठरला.

भारतात हँडबॉल महासंघ १९७२मध्ये स्थापन झाला, आशियाई स्पर्धांत हा खेळ १९८२ला दिल्लीतच प्रथम आला. २०२२मध्ये आपल्या कनिष्ठ मुलींनी अल्माटीत आशियाई विजेतेपद मिळवलं. २०२३च्या जूनमध्ये जयपूरला झालेली पहिली प्रीमियर हँडबॉल लीग महाराष्ट्र आयर्नमेनने जिंकली. लीग आली हे चांगलंच. पण खाली गुडमेसारखं काही नसताना वरून लीग आणणं म्हणजे कोबेनहाव्हनचाच रस्ता धरणं आहे, असं माझं मत.

कारंज्याला बंदिस्त हॉल लागतही नाही. पाऊस सोडला तर संत्र्याच्या या पट्ट्यात वर्षाचे सात-आठ महिने सकाळ-संध्याकाळ उघड्यावर खेळता येतं. शाळेच्या पटांगणावर फक्कीने ४० बाय २०ची चौकट आणि सहा मीटरची रेष आखा, लोखंडी नळ्यांचे दोन गोल करून घ्या. जागा अपुरी असेल तर लहान मुलांसाठी डेन्मार्कमध्ये खेळतात तसा चार-पाच जणांचा मिनी हँडबॉल चालू करा. शिक्षकांनी, माजी खेळाडूंनी आणि नगरपंचायतीने मिळून ठरवलं तर एका हिवाळ्याचं काम आहे. आणि मुलांना दाखवायला सामने हवे असतील, तर पुरुषांची पुढची जागतिक स्पर्धा जानेवारी २०२७मध्ये जर्मनीत आहे. सलग पाचव्या विजेतेपदासाठी डेन्मार्क तिथे उतरेल.